भाकरी का करपली? विशेष शिक्षकांच्या थकव्याची कारणं

(भरे, ता. मुळशी, जि. पुणे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



समोर घोटवडे, पिरंगुट, पौड, अगदी कोळवणहून आलेल्या शिक्षिका दिसतायत. अंगणवाडीच्या ताई आहेत. मागच्या ओळीत काही पालक आपल्या मुलांना घेऊन बसलेत. त्या मुलांना गप्प करू नका. त्यांच्या आवाजाने आमचं काही अडत नाही.

आजचा विषय आहे विशेष शिक्षकांना येणारा थकवा, ज्याला सगळे ‘बर्नआउट’ म्हणतात. या शब्दासाठी मराठीत काय म्हणावं याचा आम्ही बरेच दिवस विचार करत होतो. ‘थकवा’ म्हटलं तर पुरत नाही, कारण थकवा झोपेने जातो. ‘नैराश्य’ म्हटलं तर तो आजार झाला. शेवटी चुलीपाशी शब्द सापडला: करपणं. आणि त्याबरोबर लहानपणी ऐकलेलं कोडंही आठवलं. तुम्हालाही माहीत असेल. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच आहे: न फिरवल्यामुळे. हल्ली राजकारणात भाकरी फिरवण्याची भाषा फार होते, म्हणून आधीच सांगतो, आम्ही तव्यावरच्याच भाकरीबद्दल बोलतोय.

भाकरी करपली की आपण काय म्हणतो? पीठ जुनं होतं, किंवा जाळ फार झाला. विशेष शिक्षकांच्या बाबतीतही आपण हेच करतो. एखादी शिक्षिका नोकरी सोडून जाते तेव्हा कुणी म्हणतं, ‘तिची मुळात तेवढी तयारीच नव्हती.’ म्हणजे पीठ वाईट. दुसरं कुणी म्हणतं, ‘मुलंच इतकी अवघड, कोण टिकणार?’ म्हणजे जाळ मोठा. तिसरा प्रश्न, भाकरी वेळेवर फिरवली का, हा कुणी विचारत नाही. तो आज आपण विचारू.

आधी शब्दाचा अर्थ नीट लावून घेऊ. ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी, १९७४ साली. न्यूयॉर्कमध्ये व्यसनाधीन तरुणांसाठी एक मोफत दवाखाना चालत असे, तिथे ते काम करायचे. त्यांनी पाहिलं की जे स्वयंसेवक सगळ्यात जास्त ओढीने आले होते, रात्री उशिरापर्यंत थांबत होते, तेच काही महिन्यांनी आतून विझत होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. हा शब्द कामचुकारांना पाहून सुचलेला नाही. मनापासून काम करणाऱ्यांना पाहून सुचला आहे.

पुढे कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सुसान जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ साली ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, भावनिक दृष्ट्या रिकामं होणं. सकाळी उठतानाच वाटतं की आज द्यायला आपल्याजवळ काही शिल्लक नाही. दुसरी, दुरावा. काल ज्याला ‘आमचा राजू’ म्हणत होतो तो आज ‘ती केस’ होतो. आणि तिसरी, आपल्या कामावरचा विश्वास उडणं. ‘मी इतकी वर्षं शिकवते, पण त्याने काय झालं?’ हा प्रश्न रोज पडायला लागतो.

दुसऱ्या खुणेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिची लाज सगळ्यात जास्त वाटते. ज्या मुलाचा आपल्याला कालपर्यंत लळा होता त्याचा आज राग येतो, हे कबूल करणं फार अवघड असतं. शिक्षिका ते नवऱ्याला सांगत नाही, मुख्याध्यापकांना तर नाहीच नाही. पण हा दुरावा म्हणजे दुष्टपणा नव्हे. पोळलेला हात आपोआप मागे येतो, तसं मन स्वतःला मागे ओढत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती स्वीकारली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. ‘व्यवसायाशी निगडित घटना’ अशी ती नोंद आहे. कामाच्या ठिकाणचा जो दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही, त्याचा हा परिणाम, असं तिथे म्हटलंय. म्हणजे कारण शोधायचं तर ते कामाच्या रचनेत शोधायला हवं. शिक्षिकेच्या स्वभावात आधी शोधू नये.

आता मुलांकडे येऊ. मुलं अवघड असतात का? असतात. बारा वर्षांच्या मुलाला आकडी येते, कुणी स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं, कुणी चावतं, कुणाचे कपडे दिवसातून तीनदा बदलावे लागतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १९७९ ते २०१३ या काळात या विषयावर जे संशोधन झालं त्याचा एक एकत्रित आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या वर्तनाचा ताण आहेच. पण पुन्हा पुन्हा पुढे येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. आपलं काम नेमकं कोणतं याबद्दलची अस्पष्टता, एकाच वेळी परस्परविरोधी अपेक्षा, आणि वरिष्ठांचा पाठिंबा नसणं. आम्ही ज्या शिक्षिकांशी बोललो त्यांनीही मुलांबद्दल तक्रार क्वचितच केली. एकजण म्हणाली, ‘मुलाने चावलं तर मलम लावता येतं हो. पण चावल्याची घटना सांगितल्यावर साहेब म्हणतात, तुमचं लक्ष कुठे होतं? त्याला मलम नाही.’

तेव्हा आता एकेक कारण बघू.

पहिलं कारण, संख्या आणि अंतर. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी किती, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑक्टोबर २०२१च्या निकालात उत्तर मिळालं. प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या स्तरांवर पंधरांमागे एक. तरीही मार्च २०२५मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की आधी पदं तरी मंजूर करून जाहीर करा. आपल्या राज्याने २०२४ साली केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करायचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं स्वागत करायलाच हवं. पण हिशेब करा. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा धरल्या, तर एक शिक्षिका एका शाळेत आठवड्यातून एकदासुद्धा धड पोचत नाही.

आणि आपला तालुका कसा आहे? एका टोकाला भूगावच्या उंच इमारती, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट. इथे भऱ्याच्या आसपास कारखाने आहेत, परगावाहून आलेल्या कामगारांची मुलं आहेत, त्यांची घरची भाषा वेगळी आहे. धरणापलीकडच्या वाड्यांवर एकेक मूल घरातच आहे. ज्या मुलाला शाळेत आणता येत नाही त्याला घरी जाऊन शिकवायचं, याला गृहाधारित शिक्षण म्हणतात. कागदावर छान दिसतं. पण जुलैच्या पावसात स्कूटीवरून त्या वाडीपर्यंत जायचं, पोचल्यावर कळतं की आई मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली आहे, आणि परत फिरायचं. तो दिवस अहवालात कुठे लिहायचा? भेट झाली नाही म्हणजे काम झालं नाही. असे दिवस साचत जातात.

दुसरं कारण, घर नसणं. म्हणजे असं की विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आपल्या राज्याने डिसेंबर २०२२मध्ये सुरू केला, ते चांगलंच झालं. पण सर्वसाधारण शाळेत फिरणारी विशेष शिक्षिका मात्र प्रत्येक शाळेत पाहुणीच राहते. वर्ग दुसऱ्याचा, फळा दुसऱ्याचा, हजेरी दुसऱ्याची. वर्गशिक्षक म्हणतात, ‘बरं झालं ताई आलात, तुमची दोन मुलं घेऊन जा.’ ‘तुमची’ हा शब्द ऐका. त्या शब्दातून मूलही वर्गाबाहेर जातं आणि शिक्षिकाही. शिक्षकांच्या खोलीत तिची खुर्ची नसते. तिला काय करता येतं हे कुणाला माहीत नसतं, म्हणून तिच्याकडून एकतर काहीच अपेक्षा नसते, नाहीतर चमत्काराची असते.

तिसरं कारण, कागद. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, तपासणी शिबिराच्या याद्या, प्रमाणपत्रांचा पाठपुरावा, भत्त्यांचे प्रस्ताव, ऑनलाइन माहिती भरणं. आराखडा ही मुळात उत्तम कल्पना आहे. या मुलाला आज काय येतं, तीन महिन्यांनी काय यावं, त्यासाठी काय करायचं, हे लिहून काढणं हाच तर विशेष शिक्षणाचा गाभा. पण चाळीस मुलांचे आराखडे एका आठवड्यात द्या म्हटलं की चाळीस नकला तयार होतात. शिक्षिकेला माहीत असतं की ही नक्कल आहे. आपल्याच विद्येचं खोटं रूप आपल्याच हाताने रोज लिहायचं, याने माणूस जितका झिजतो तितका कष्टाने झिजत नाही.

चौथं कारण फारसं बोललं जात नाही. ते वेळेबद्दल आहे. साधा शिक्षक वर्षाच्या शेवटी म्हणू शकतो की माझी मुलं चौथीतून पाचवीत गेली. विशेष शिक्षिका म्हणते, त्याला आता शर्टाचं वरचं बटण लावता येतं. त्या बटणामागे आठ महिने असतात. आधी चिमटीत धरणं, मग मोठं काज, मग लहान काज, मग मधली बटणं, कारण वरचं दिसत नाही. तिला त्या बटणाचं मोल माहीत आहे. पण ते मोल ओळखणारा दुसरा माणूस आसपास नसेल, तर काही वर्षांनी तिलाही शंका येऊ लागते.

आणि काही वेळा प्रवास उलटा असतो. स्नायूंच्या एका आजारात, ड्युशेन म्हणतात त्याला, मुलगा पहिलीत चालत येतो आणि पाचवी-सहावीपर्यंत चाकाच्या खुर्चीवर असतो. शिक्षिकेने जे शिकवलं ते एकेक करून हातातून निसटताना ती पाहते. काही मुलं लहानपणीच जातात. घरी सुतक असतं, नातेवाईक जमतात, रडायला जागा असते. शाळेत दुसऱ्या दिवशी प्रार्थना होते आणि तास सुरू. ज्या बाईने त्याला सहा वर्षं भरवलं तिने कुठे रडायचं? आमच्या माहितीत एक शिक्षिका आहे, तिने अकरा वर्षांत चार मुलांचे फोटो कपाटात जपून ठेवलेत. कुणी तिला त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं तेव्हा ती दीड तास बोलत होती.

पाचवं कारण मागच्या ओळीत बसलेल्या पालकांना ठाऊक आहे. ते शिक्षिकेला एक प्रश्न विचारतात: ‘आमच्या माघारी याचं काय?’ शाळा अठराव्या वर्षी संपते, आयुष्य संपत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. त्यासाठीची समिती जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि ज्यांनी अर्ज केला नसेल त्यांनी जरूर करावा. पण कायदेशीर पालक मिळणं वेगळं आणि राहायला जागा, करायला काम मिळणं वेगळं. याच तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात साधना व्हिलेज ही प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीची निवासी संस्था नव्वदच्या दशकापासून उभी आहे. तिथे ही माणसं घरांमधून एकत्र राहतात. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग तो प्रश्न कुणाच्या पदरात पडतो? शिक्षिकेच्या. तिला त्याचं उत्तर देता येत नाही आणि तो सोडूनही देता येत नाही.

ही झाली पाच कारणं. या पाचांच्या मागे आम्हाला एक सहावं दिसतं. ते सांगण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाली, मग विशेष शिक्षणातलं बी.एड. केलं आणि शहरातल्या एका विशेष शाळेत लागली. एकोणीस वर्षं तिथे होती. त्या शाळेच्या एका समारंभाला आम्ही प्रमुख पाहुणे म्हणून गेलो होतो. तिचा सत्कार होता, शाल-श्रीफळ दिलं. आम्ही बोलायला उभे राहिलो आणि निष्काम कर्मयोगावर पाऊण तास बोललो. फळाची अपेक्षा न धरता कर्म कसं करावं याचं जिवंत उदाहरण म्हणजे ही शिक्षिका, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी ती जवळ आली, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, ‘सर, भाषण छान झालं. पण मला ना, पंधरा दिवस सुट्टी हवी आहे. तीन महिने मागतेय. बदली शिक्षक नाही म्हणून मिळत नाही.’

आम्ही काय केलं? हसलो. ‘होईल गं’ म्हणालो. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. आता ती एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. मुलांची आठवण येते का असं विचारलं तर म्हणाली, ‘रोज येते. पण परत जायची छाती नाही.’

त्या दिवशी आमची चूक काय झाली यावर आम्ही पुष्कळ विचार केला. गीता चुकीची सांगितली का? तसं नाही. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे अर्जुनाला सांगितलेलं आहे आणि ते ज्याचं त्याने स्वतःशी घ्यायचं व्रत आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचं तर निष्कामता प्रथमपुरुषी आहे. ‘मी फळाची इच्छा धरणार नाही’ असं मी म्हणू शकतो. ‘तू धरू नकोस’ असं दुसऱ्याला सांगून त्याचं फळ आपण खिशात घालायचं, याला कर्मयोग म्हणत नाहीत. त्याला वेठबिगार म्हणतात. आम्ही व्यासपीठावरून नेमकं तेच केलं होतं. सुट्टी मागणाऱ्या बाईला शाल दिली होती.

हे सहावं कारण. आपण या कामाला ‘सेवा’ म्हणतो आणि त्या शब्दाआड समाजाची जबाबदारी लपवतो.

आता एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सेवाभाव नसता तर या शाळा उभ्याच राहिल्या नसत्या. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी पाऊल उचललं आणि त्यातून जय वकील शाळा झाली. पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशींनी ‘कामायनी’ सुरू केली. तेव्हा कायदा नव्हता, अनुदान नव्हतं, अशी मुलं घरात कोंडून ठेवली जायची. त्या पिढीने जे केलं त्याला त्याग हाच शब्द आहे आणि त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण संस्थापकाने आपणहून निवडलेला त्याग पुढच्या पिढीतल्या कर्मचाऱ्यावर नियम म्हणून लादता येत नाही. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने हे काम नोंदणीकृत व्यवसाय ठरवलं. नोंदणीशिवाय शिकवता येत नाही, आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर प्रशिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. म्हणजे पात्रता मागताना आपण त्याला व्यवसाय म्हणतो आणि पगाराचा, सुट्टीचा, बदली माणसाचा विषय निघाला की सेवा म्हणतो. हा दुटप्पीपणा आहे.

यात आणखी एक पदर आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला आणि ‘भावनिक श्रम’ ही कल्पना दिली. चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हाही कामाचा भाग असतो आणि त्यालाही कष्ट पडतात. विशेष शिक्षिकेला तर दिवसभर शांत, हसतमुख, आशावादी राहावं लागतं. मुलासमोर, पालकांसमोर, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोरही. ‘तुम्ही म्हणजे देवमाणूस’ असं आपण म्हणतो तेव्हा तिच्यावर आणखी एक ओझं चढतं. देवमाणसाला चिडता येत नाही. कंटाळा आला असं म्हणता येत नाही.

मग करायचं काय? इथे आम्हाला मदत होते ती एका तत्त्वज्ञ बाईंची. ईव्हा किटे त्यांचं नाव. त्यांची मुलगी सेशा हिला तीव्र बौद्धिक अक्षमता आहे. १९९९ साली त्यांचं ‘लव्ह्ज लेबर’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की न्यायाचा विचार करताना तत्त्वज्ञांनी नेहमी दोन समर्थ माणसं कल्पिली, जी एकमेकांशी करार करतात. पण आयुष्यात काही काळ आपण सगळेच दुसऱ्यावर अवलंबून असतो. जी व्यक्ती अशा अवलंबून असलेल्याला सांभाळते ती स्वतःही मग दुबळी होते, कारण तिचा वेळ, तिची ताकद दुसऱ्याकडे गेलेली असते. म्हणून तिला सांभाळणं हे तिसऱ्याचं कर्तव्य. यासाठी त्यांनी बाळंतिणीला सांभाळणाऱ्या बाईचं उदाहरण घेतलं. ती बाई बाळाला सांभाळत नाही. ती आईला सांभाळते, म्हणजे आईला बाळाला सांभाळता येतं.

हे वाचलं तेव्हा आम्हाला वाटलं, अरे, हे तर आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. लेक बाळंतपणाला माहेरी येते. तिला डिंकाचे लाडू, शेकशेगडी, दुपारची झोप. ‘तू फक्त बाळाला पाज, बाकीचं आम्ही बघतो.’ कुणी त्याला उपकार म्हणत नाही. ती रीत आहे. आईने आपणहून बाळ जन्माला घातलं, आता तिचं ती बघेल, असं म्हणणारं घर आपण चांगलं म्हणणार नाही. आम्ही एवढंच विचारतो, की जी बाई आपल्या गावच्या बारा मुलांना सांभाळते तिच्यासाठी हे ‘बाकीचं’ कोण बघतं?

भाकरी फिरवणं म्हणजे हेच ‘बाकीचं’. त्यात भव्य काही नाही. काही गोष्टी शासनाने करायच्या. मंजूर पदं भरायची, दहाला एक हे प्रमाण खरोखर पाळायचं, प्रवासाचा खर्च वेळेवर द्यायचा, जिल्ह्यात बदली शिक्षकांची यादी ठेवायची, म्हणजे सुट्टी मागणं हा गुन्हा वाटणार नाही.

काही गोष्टी शाळेने करायच्या आणि त्यांना पैसे लागत नाहीत. सलग दहा वर्षं एकाच तीव्र गटाचा वर्ग एकीकडेच ठेवू नका, गट फिरवा. आठवड्यातून एक तास शिक्षिकांनी एकत्र बसावं, त्यात अहवाल नकोत, फक्त अवघड गेलेला प्रसंग सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. आमच्या पाहण्यात एका ठिकाणी हे चालू आहे आणि तिथल्या बाई म्हणतात की या तासामुळे निदान रात्रीची झोप परत आली. एखादं मूल गेलं तर त्याच्या शिक्षिकेला दोन दिवस मोकळे द्या आणि तिला त्याच्या घरी जाऊ द्या. मुख्याध्यापकांनी घटनेनंतर पहिला प्रश्न ‘तुमचं लक्ष कुठे होतं’ असा न विचारता ‘तुम्हाला लागलं का’ असा विचारावा. आणि सर्वसाधारण शाळेतल्या शिक्षकांनी ‘तुमची मुलं’ म्हणणं सोडून ‘आपली मुलं’ म्हणावं, आणि आलेल्या शिक्षिकेला एक खुर्ची द्यावी.

काही गोष्टी गावाने करायच्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. चार. पाच. बरं. या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना कारखान्यांचा कर मिळतो. तेव्हा येत्या ग्रामसभेत विचारा की तो पाच टक्के निधी किती होता आणि कशावर गेला. शासनाच्या नियमात बसेल तिथे तो मुलांच्या थेरपीच्या साहित्याला, शाळेपर्यंतच्या गाडीला लागू दे. शाळेतल्या एका मदतनीस बाईचं मानधन त्यातून देता येईल का, तेही विचारा. मदतनीस असली की शिक्षिकेचे हात शिकवायला मोकळे होतात.

पालकांनाही एक विनंती. ‘आमच्या माघारी काय’ हा प्रश्न एकेकट्याने शिक्षिकेला विचारू नका. दहा घरांनी मिळून तो तालुक्याला विचारा, जिल्ह्याला विचारा. दहा घरांचा प्रश्न एका बाईच्या पदरात टाकला की ती वाकते. तोच प्रश्न दहा घरांनी पंचायत समितीत नेला की त्याची निदान नोंद होते.

हे सगळं झालं म्हणून कुणी करपणारच नाही, असं आम्ही म्हणत नाही. जाळ आहे तोवर धग लागणारच. काही शिक्षिका तरीही जातील. त्यांना पळपुटं म्हणू नका. आमची ती विद्यार्थिनी एकोणीस वर्षांत जे देऊन गेली तेही मोजा.

तिला आम्ही परवा फोन केला होता. या व्याख्यानात तुझी गोष्ट सांगू का, असं विचारलं. ती म्हणाली, ‘सांगा सर. पण या वेळी निष्काम कर्म नको.’ आम्ही शब्द दिला होता, आणि मघाशी कबुलीपुरता तो शब्द थोडा मोडला. तिची क्षमा मागून इथे थांबतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि पहिला प्रश्न शिक्षिकांपैकी कुणीतरी विचारावा, अशी आमची इच्छा आहे. बाकीचे आपण ऐकू.